राखोळीची गाय

१

गर्भगिरीच्या रांगेचा एक फाटा नगर जिल्ह्याच्या कोरड्या उगवतीकडे सुटतो. त्याच्या टोकाचा डोंगर म्हणजे चिंचोरा. माथ्यावर पडलेलं निम्मं पाणी सीनेला जातं आणि निम्मं गोदावरीला, असं शाळेतले गुरुजी सांगायचे. बहात्तरच्या दुष्काळात दोघींच्या वाट्याला काहीच येत नव्हतं, त्यामुळे वाटणीचं भांडणही उरलं नव्हतं.

इंग्रजांच्या काळात हा डोंगर राखीव जंगल झाला. पायथ्याला गोल दगडी बुरूज रचून त्यांना चुना फासला, आणि बुरुजाच्या वरचं ते सरकारचं, खालचं ते लोकांचं, असं ठरलं. वरच्या पठारावर एक गाव होतं, ते खाली उतरवलं. सरकारी नकाशात त्याच्या नावापुढे अजून 'बेचिराख' असं लिहिलेलं आहे. आगबिग काही लागली नव्हती. माणूस नसलेल्या गावाला कागदावर असंच म्हणतात. खालच्या वस्तीतली निम्मी घरं मूळ त्याच गावची, पण पूर्वजांची जोती बघायला म्हणून कोणी कधी वर गेलं नाही. राखीव आहे, असं म्हणायचे आणि विषय बदलायचे.

छगनचं घर वस्तीच्या शेवटाला, डोंगराच्या अगदी पायाशी. घरात तो, त्याची थोरली विधवा बहीण मालनबाई, आणि छगनचा तान्हा मुलगा मच्छिंद्र. बाळाची आई छबू बाळंतपणातच गेली होती. बाकीची गुरं छगनने मिरजगावच्या बाजारात मातीमोल विकली. दावणीला एक तांबडी गाय तेवढी ठेवली, कारण मच्छूला दुसरं काही पचत नव्हतं. शेळीचं दूध दिलं की हगवण लागायची. सरकारी मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी तांबड्या ज्वारीची, पेज तो तोंडाबाहेर ढकलायचा. तांबडीचं दूध बोंडल्याने पाजलं, की मात्र मुठी सोडून झोपायचा. तांबडीचं वासरू उन्हाळ्यात मेलं होतं, पण मच्छूला जवळ नेलं की ती त्याची टाळू चाटायची आणि पान्हा सोडायची. गाय जगली तर पोर जगणार, एवढं सरळ होतं सगळं.

गुरांची छावणी लांब होती. तिथं गाय बांधली तर दूध रोज घरी आणायचं कसं? मग उरला चिंचोरा. वर चराईबंदी होती, म्हणूनच तिथं वाळलेलं का होईना, गवत उभं होतं. छगन तांबडं फुटायच्या वेळी गाय घेऊन बुरुजापाशी जायचा. गळ्यातल्या घंटेत चिंधी कोंबायचा, म्हणजे गार्डाला ऐकू जायला नको. दावं झुडपात अडकायला नको म्हणून ते सोडून बुरुजावर ठेवायचा, आणि गाईच्या पाठीवर थाप मारून तिला वर पाठवायचा. दिवसभर सरकारी कामावर खडी फोडायची, आणि दिवस कलला की बुरुजापाशी उभं राहून हाक घालायची. तांबडी खाली यायची.

पहिल्याच संध्याकाळी ती पोट टम्म भरून आली. छगनला इतका आनंद झाला, की त्याने तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि तिथंच दोन शिव्या हासडल्या, प्रेमाच्या. घरी आणून चरवी घेऊन बसला. कास हाताला लागली ती मऊ, लोंबती, रिकामी. कोणीतरी तिला नुकतीच पिळून घेतली होती.

२

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी छगन कामावरून लवकर निसटला आणि ओढ्याकाठच्या चौकीवर फॉरेस्ट गार्ड बन्सीकडे गेला. बन्सी सोनईकडचा, वर्षभर इथं होता, पण त्याचा जीव कायम सोनईच्या उसात.

"बन्सीभाऊ, दूध गोड लागलं का?" छगनने दारातूनच विचारलं.

"कसलं दूध?"

"माझ्या गाईचं. राखीवात कोन तिला पिळून घेतंय? तुमच्याबिगर हाय कोन वर?"

बन्सी हसायलाच लागला. "ही बरी तऱ्हा हाय. चोरून गाय तू घालनार आन् दरडावनार मला! चोराच्या उलट्या बोंबा म्हनत्यात त्या ह्याच." मग त्याचं हसू आटलं. "छगनराव, गाय घालताय ती मला म्हाईती हाय. लेकरासाठी घालताय म्हनून मी बघत न्हाई. पन मी पठारावर जात न्हाई. खालून फेरी मारतो आन् वरची लिहून टाकतो."

"का जात न्हाई?"

बन्सीने विडी पेटवायला काडी ओढली, ती नुसतीच जळू दिली. "माझ्या आधीचा गार्ड इथल्याच बाजूचा. त्यानं एकच सांगितलं. म्हनला, गाव उतरलं तवा समदी उतरली न्हाईत."

"म्हंजी?"

"म्हंजी काय ते त्यानं न्हाई सांगितलं, आन् मी न्हाई इचारलं."

ह्याला काय अर्थ आहे, असं छगन वाटेने स्वतःशीच म्हणत गेला. दूध म्हणजे दूध, ते माणूसच काढणार. दुसऱ्या वस्तीचं कोणीतरी पठारावर लपून राहत असेल. आपल्यासारखंच पोटाला महाग झालेलं असेल. त्याला चोराची कीवही आली थोडी.

त्या संध्याकाळी तांबडी बुरुजापाशी आली ती ओली होती. अंग धुतलेलं, शेण लागलेल्या मांड्या घासून साफ केलेल्या, पोटाखालून पाणी ठिबकत होतं. वस्तीत माणसं टँकरमागे हंडा घेऊन पळत होती, विहिरीच्या तळाला पोरं उतरवून वाटीने पाणी भरत होती. डोंगरावरचं पाण्याचं टाकं तर फाल्गुनातच कोरडं पडलेलं. छगनने तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो गार ओला हात कितीतरी वेळ धोतराला पुसत राहिला.

३

मालनबाई बोलायला फटकळ. भाऊ लहान असताना तिनेच कडेवर वागवलेला, त्यामुळे तिच्या शिव्यांना घरात मान होता. ओल्या गाईकडे तिने एकदाच बघितलं. छगनने बुरुजावरून आणलेलं दावं मात्र तिने हातात घेतलं, आणि उलटसुलट करून बघितलं.

"ही गाठ कुनी मारली?"

"मीच मारली असंल."

"तू असली गाठ मारतूस व्हय? आन् ह्याला तेल कुनी चोळलं?"

दावं मऊ झालं होतं. टोकाला आवळून घातलेली गाठ छगनने जन्मात पाहिली नव्हती.

"दावं कुठं ठिवतूस तू?"

"बुरुजावर. का गं आक्का?"

मालनबाईने दावं हातातून टाकलं. "मुडद्या, गाय इकली तर दावं मालक घरी आनतो. आन् गाय राखोळीला दिली तर दाव्यासकट देतो. हद्दीवर दावं ठिऊन तू गाय वर धाडलीस. काय झालं मंग त्याचं?"

छगनला रीत ठाऊक नव्हती असं नाही. दुभतं जनावर दुसऱ्याच्या राखोळीला दिलं, की ते चारापाणी करणाऱ्याच्या घरचं. जोवर तिथं आहे तोवर दूध राखणाऱ्याचं, होणारं वासरू मालकाचं. सगळ्या मुलखात हे असंच चालतं. पण राखोळी माणसाला देतात. डोंगराला कोण देतं?

"आक्का, वर कुनी न्हाई."

"न्हाई ना? मंग गाय धुतली कुनी?"

दुसऱ्या दिवसापासून त्याने तांबडीला दावणीलाच बांधली. पुढ्यात उसाचं वाळलेलं पाचट टाकलं, कडुनिंबाचा पाला टाकला. तिने तोंड लावलं नाही. मच्छूला जवळ नेलं, तर त्याला हुंगून तिने मान फिरवली. पान्हा चोरणारी गाय छगनने पाहिली होती, पण ही चोरत नव्हती. हिला हे पोर ओळखीचंच वाटत नव्हतं. दूध वाटीच्या तळाला आलं, मग तेही राहिलं. मच्छूला साखरपाणी पाजून दिवस ढकलायचे. ती दिवसभर डोंगराकडे तोंड करून उभी असायची.

मच्छू रडायचा तेव्हा छगनला कामावरही ते रडणं कानात ऐकू यायचं. मग मच्छूचं रडणंच कमी झालं. नुसता बघायचा, ओठ हलवायचा. सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईने पोराच्या पोटाची कातडी चिमटीत धरली, ती तशीच उभी राहिली. "दूध पाजा," ती म्हणाली. छगनला तिच्या पाया पडावंसं वाटलं आणि तिला मारावंसंही वाटलं.

४

त्याने गाय सोडली आणि तिच्या मागे गेला. उजेडी गेला, हातात कुऱ्हाड घेऊन. चोर माणूस असला तर कुऱ्हाड पुरेल, आणि माणूस नसेल तर तिथं कोणीच नसेल, असा त्याने विचार केला. विचारात खोट काही नव्हती.

बुरूज ओलांडला, की पहिल्यांदा हिवराबाभळींचं काटवन, मग सालईची झाडं, मग उभा कडा आणि त्यातून गुरांची जुनी वाट. वाट मोडली असेल असं त्याला वाटलं होतं. ती वापरातली दिसत होती. वर पठार उघडलं. वाळकं गवत कंबरेएवढं, आणि त्यात जोत्यांच्या रांगा. बहुतेक घरांचे नुसते दगड उरले होते. एका घराच्या मात्र भिंती डोक्याएवढ्या उभ्या होत्या आणि दाराचा उंबरा जागेवर होता. तांबडी सरळ त्या घरात शिरली, रोजची वाट असल्यासारखी.

छगन भिंतीशी पोचला आणि थांबला. आतून धार काढल्याचा आवाज येत होता.

त्या आवाजाबद्दल त्याची फसगत होणं शक्य नव्हतं. रिकाम्या भांड्यात पहिल्या धारा वाजतात. भांडं भरत गेलं, की आवाज जाड होत जातो, फेसात बुडतो. तो उभा राहून ऐकत होता आणि भांडं भरत होतं. आपल्या पोराचं दूध आपल्या कानादेखत दुसऱ्याच्या भांड्यात भरतंय, हे कळत असून त्याचा पाय उचलेना.

"कोन हाय?" शेवटी तो ओरडला.

धार थांबली. तो दारात गेला. आत तांबडी एकटी उभी होती, रवंथ करत. कास रिकामी. जमीन नुकती सारवलेली, अजून ओली, बोटांचे अर्धगोल फराटे स्पष्ट. कुठं पाऊल नव्हतं, गाईचंसुद्धा.

कुऱ्हाड केव्हा खाली ठेवली ते छगनला कळलं नाही. तो उंबऱ्याबाहेर गुडघ्यांवर बसला. "माझं लेकरू उपाशी मरतंय," तो म्हणाला. "चूक माझी हाय. दावं मीच ठिवलं. पन निम्मं तरी द्या. घोटभर द्या."

जरा वेळाने, तो मान खाली घालून बसलेला असताना, धार पुन्हा सुरू झाली.

५

"पोराला वर नेतो," तो घरी येऊन म्हणाला. "दूध तिथंच हाय. तिथंच पिऊ दे त्याला."

मालनबाईने मच्छूला छातीशी घट्ट धरलं. "गाय दिलीस ती चूक. आता लेकरू नगं दिऊ, छगन."

"देत कुठं हाय? पाजून आनतो."

"तिथनं आननं तुझ्या हातात हाय का?"

"मंग काय करू? तू सांग! हितं ठिऊ? हितं किती दिस काढंल त्यो? तूच सांग आक्का, तू म्हनशील ते करतो!"

मालनबाईने छबूच्या लुगड्याच्या गोधडीत मच्छूला गुंडाळलं, आणि भावाच्या हातात दिलं. ती रडत होती, आणि छगनला तिचा राग येत होता, कारण ती खरं बोलत होती.

गाईमागून तो वर गेला, आणि त्या घरातल्या सारवलेल्या जमिनीवर मच्छूला गोधडीसकट ठेवलं. "आनलंय," एवढंच म्हणाला, आणि बाहेर येऊन भिंतीला पाठ लावून बसला. धार वाजली. मग बराच वेळ काही नाही. आणि मग पोराचा घोट ऐकू आला. घुटुक, घुटुक. अधाशी, दम न घेता. छगनने गुडघ्यात डोकं घातलं आणि मोठ्याने रडला. चिंचोऱ्याचा देव असो की आणखी काही, त्या क्षणी त्याने त्याला आपलं सगळं देऊन टाकलं असतं. घोटांच्या आडून मध्येच बारीक कुंईकुंई येत होती. पोटभर प्यायलं की पोर करतंच तसं, असं त्याला वाटलं.

काही वेळाने दारात बाळ होतं. न्हाऊमाखू घातलेलं, गालाला काजळाची तीट लावलेलं, हातमागाच्या जाड्या कापडात गुंडाळलेलं. गोधडी ओली झाली असेल, म्हणून बदलली असेल. छगनने मनापासून हात जोडले.

मग तो बाळाला घेऊन रोज जायला लागला. कामावरचं नाव गेलं तरी गेला. पोराचे गाल वर आले, मनगटाला वळी पडली. मालनबाई त्याला मांडीवर घ्यायची, पण पहिल्यासारखी बोलायची नाही त्याच्याशी.

"येवढ्याशा दिसांत इतकं बाळसं धरतं का रं लेकरू?" एकदा तिने विचारलं.

"तुला त्याचं मरन बगायचं हुतं का?" छगन खेकसला.

६

एके दिवशी भिंतीला टेकून बसला असताना त्याच्या कानाजवळ, दगडांच्या फटीतून, ती कुंईकुंई पुन्हा आली. आज ती घोटांच्या आधीपासून चालू होती. घोट सुरू झाले, तरी ती थांबली नाही.

एका तोंडाने पिणं आणि रडणं एकाच वेळी होत नाही. इतका साधा विचार इतके दिवस डोक्यात आला नव्हता. बघायचं नाही, असं त्याचं त्यानेच ठरवलेलं होतं. त्याने फटीला डोळा लावला.

गाईचं पोट दिसलं. त्याच्या खालून बसलेल्या बाईची पाठ, डोक्यावरून पदर, आणि कोपरापर्यंत ओला हात. मांडीवर बाळ, गुबगुबीत, पीत असलेलं. आणि पलीकडच्या कोपऱ्यात छबूच्या लुगड्याची गोधडी होती. तिच्यातून एक मूठ वर आली. हडकुळी, मनगट अंगठीत सहज गेलं असतं एवढी. ती जरा वेळ हवेत राहिली आणि खाली पडली.

छगन धडपडून उठला, भिंतीचा दगड त्याच्या हाताखालून निसटला, आणि तो पळत दाराशी आला. आत तांबडी उभी होती. कोपरा मोकळा होता. उंबऱ्यावर बाळ पडलेलं, त्याच्याकडे बघून दोन्ही हात पसरून हसत होतं. छगनने जोत्यामागून जोतं पालथं घातलं, गवत उपसलं, दगड उलथले. कुठं काही नव्हतं. उपाशी माणसाला एकाचे दोन दिसतात, आपण सकाळपासून काही खाल्लेलं नाही, असं तो मोठ्याने म्हणाला. तो तेच म्हणत राहिला, बाळाला उचललं, आणि डोंगर उतरला.

आज तांबडी हाक न घालता त्याच्या मागोमाग खाली आली. घरी पोचली, तेव्हा तिची कास तटतटून भरली होती.

७

दिवस मावळताना ते सुरू झालं. मालनबाई चुलीपाशी होती, बाळ तिच्या मांडीवर झोपलेलं. डोंगरावरून लेकराचं रडणं आलं. बारीक, कोरडं, मध्येच तुटणारं. दोघांनीही ते आधी कितीतरी दिवस ह्याच घरात, ह्याच वेळेला ऐकलं होतं.

मालनबाईने मांडीवरच्या बाळाकडे बघितलं. नाक मच्छूचं, कान मच्छूचे. तिने ते छगनच्या अंगावर लोटलंच. "ह्ये घे! ह्ये न्हाई आपलं! मला पयल्या दिवशीच कळलं हुतं, पन तुझ्या तोंडाकडं बगून म्या..."

छगनने बाळ खाली ठेवलं आणि धावला. काटवनात अंग फाटलं, कड्यावर गुडघे फुटले. पठारावर अजून संधिप्रकाश होता. त्या घरात मातीचा घोट्याएवढा थर होता, त्यात वाळकी पानं. किती वर्षांत तिथं सारवलेलं नव्हतं. रडणं पलीकडच्या सोंडेवरून येत होतं. तो सोंडेवर गेला, तर ते घळीतून आलं. घळीत उतरला, तर माघारी पठारावरून. "मच्छू!" तो ओरडत होता. "गाय घ्या! गाय तुमचीच हाय, कायमची घ्या! त्याला ठिऊ नका!" ओरडताना, आपण लेकराच्या बदली गाय देतो आहोत, आणि गाय नसली तर लेकराला पाजणार काय, हेही त्याच्या मनात येऊन गेलं. बुडत्याचा पाय खोलातच जातो.

तो परत आला, तेव्हा घरात दिवा लागला होता. मालनबाई पाठमोरी बसली होती, आणि तिच्या खांद्यावर ते बाळ किंचाळत होतं.

"खालीच ऱ्हाऊ दिलं हुतं म्या," ती म्हणाली. "लई येळ. पन त्यालाबी भूक लागली, छगन. त्याला काय कळतंय? काय करू मी?"

छगन दारात उभा राहिला. बाळाने त्याला बघितलं, आणि रडता रडता त्याच्याकडे हात केले. गोठ्यात तांबडीच्या सडांतून दूध आपोआप गळत होतं, मातीत जिरत होतं. इतकं दूध ह्या घरात वर्षभरात आलं नव्हतं.

त्याने चरवी घेतली. धार काढली. बोंडलं भरलं आणि बाळाला बहिणीच्या खांद्यावरून आपल्या मांडीवर घेतलं. पहिलं दूध हनुवटीवर सांडलं. बाळाने तोंड उघडलं आणि गप्प झालं, प्यायला लागलं.

वर चिंचोऱ्यावर मच्छू रडतच होता.